बुडबुडा

दारूखान्यात, पत्रे कापणाऱ्यांच्या गल्लीत, आमचा गाळा.
शटर अर्धं खाली. आत एसी.
माणसांसाठी नाही हो,
लेसरला उकाडा सोसत नाही.

सकाळी हातगाडीवरून शाफ्ट आला,
माझगावच्या बेकरीतला, मैदा मळायच्या मशीनचा.
चावीच्या खाचेत वाळून दगड झालेलं पीठ.
नसीर म्हणाला, पहाटे तीनला घाण भिजवायचाय,
तोवर द्या, नाहीतर निम्म्या डोंगरीला पाव नाही.
मी म्हटलं, बघतो.
हर्षला तांडेल म्हणाली, मायक्रोमीटर द्या.

बेअरिंग बसते ती जागा
पॉइंट तीनने कमी भरली.
नखाला जाणवेल न जाणवेल इतकी झीज,
पण तेवढ्यावर मशीन रात्रभर कोकलतं,
बेअरिंग तापतं, ग्रीस काळं होऊन गळतं.
माणसाचंही तसंच, असं म्हणणार होतो.
राहू दे. शाफ्टचं बोलू.

लेथवर चढवला, वरची साल काढली.
खाली नवं लोखंड लागायला हवं होतं,
लागला जुन्या वेल्डिंगचा थर.
हर्षलाने लाल रंग मारला,
दहा मिनिटं थांबली, पुसला,
वरून पांढरी फवारणी केली.
त्या पांढऱ्यावर एक ठिपका उगवला,
मोहरीएवढा, मग ज्वारीएवढा,
आतून लाल पाझरत राहिला.

मी शाफ्टच्या तोंडाकडे गेलो.
पंचाने मारलेले दोन ठिपके, मध्ये आडवी रेघ.
माझीच खूण.

सत्त्याऐंशी साल. अर्देशीर शेठचं वर्कशॉप,
हातात होल्डर, रॉड दमट,
भट्टीत सुकवायला वेळ कोणाला होता?
स्लॅग ठोकला तेव्हा छिद्र दिसलं होतं.
दिसलं होतं. मी त्यावरून आणखी एक थर ओढला.
त्या आगीने शाफ्ट काकडीसारखा वाकला,
तो मात्र उजाडेपर्यंत ठोकून सरळ केला,
वाकलेलं चारचौघांना दिसतं ना.

तेव्हापासून तो बुडबुडा
मिनिटाला सत्तर फेरे घेत होता,
लग्नाघरी, मयताघरी,
चहात बुडणाऱ्या प्रत्येक पावामागे.
पावात जाळी पडली तर कौतुक,
लोखंडात पडली तर कारागीर मेला.

कोणी केलंय हे?
हर्षलाचा डोळा दुर्बिणीला चिकटलेला.
मी म्हटलं, मी.
तिने मान वर केली नाही.
कधी?
तुझ्या जन्माच्या आधी.
टिकलं की, ती म्हणाली,
आणि बारीक ग्राइंडरने
छिद्र मुळापासून खोदायला घेतलं.

मग तिने तार घेतली, सुईत ओवता येईल अशी.
ऑर्गनचा फुस्स आवाज,
आणि टिक्, टिक्, टिक्,
घड्याळ दुरुस्त होतंय म्हणावं, वेल्डिंग कसलं.
ना ठिणग्या, ना धूर, ना डोळ्यांत रात्रभर वाळू.
ठिपक्याला अर्धा चिकटून दुसरा ठिपका,
मधमाशी घर बांधते तसं.
मी दोन बोटं सोडून हात ठेवला:
कोमट.
माझ्या चाळीस वर्षांत शाफ्टला वेल्डिंग चालू असताना
हात लावायची छाती झाली नव्हती.

डायलचा काटा आधी दोन शतांश हलत होता.
नंतरही दोनच.
मी तीनदा फिरवून पाहिला, हर्षला हसली नाही.
ग्राइंडिंग मी केलं. तेवढं अजून जमतं.

रात्री दीडला नसीर गाडी घेऊन आला.
हर्षलाने पेनने बिल लिहिलं:
बेअरिंगची जागा भरून, घासून, एक.
त्याखाली: जुनं छिद्र, एक. पैसे नाहीत.

नसीरने बिल दिव्याखाली धरलं.
हे छिद्र कुठलं?
हर्षला दुर्बिणीची काच पुसत होती,
पुसून झालेली काच पुन्हा पुसत होती.

मी सांगितलं.